उजव्या बाजूचा खिसा

गेल्या वर्षी मार्चमध्ये, नेपरव्हिलमध्ये बर्फ वितळत असताना, यशवंत शेंडे दुपारी फिरायला गेलेले असताना पत्नीच्या शेजारून निघून गेले आणि रेल्वे स्टेशनच्या फलाटावर सापडले. शिकागोच्या गाडीची वाट पाहत ते शांत उभे होते. ऑफिसला जायचं आहे, असं त्यांनी चौकशी करणाऱ्या एका प्रवासी बाईला सांगितलं. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. डिमेन्शियाचं निदान होऊनही काही वर्षं झाली होती. त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी इंदूताई यांनी स्वतःसाठी एक नवा स्कर्ट शिवला. त्याचा उजवा खिसा डाव्यापेक्षा मोठा होता.

त्यांचा मुलगा आनंद नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. औषधांच्या कंपनीत आहे. फलाटाची हकिकत कळल्यावर तो विमानाने आला, शनिवार-रविवार राहिला आणि जाताना एक गोष्ट ठरवून गेला. बाबा पुन्हा हरवले, तर त्यांना मेमरी केअरमध्ये, म्हणजे स्मृती गेलेल्यांच्या निवासात, ठेवायचं. तिथे दारं बंद असतात आणि माणसं चोवीस तास असतात. इंदूताईंनी ते मान्य केलं. वाद घातला नाही. फक्त ‘हरवले तर’ हे शब्द त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले.

इंदूताई मूळच्या नागपूरच्या. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. उंच, हाडापेराने मजबूत, चष्मा दोरीला अडकवलेला. बोलताना वाक्य संपलं की त्या थांबत, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत, आणि ते पोचलं असं वाटलं तरच पुढचं वाक्य काढत. घाईतल्या माणसांना त्याचा त्रास व्हायचा. ज्यांना घाई नसायची त्यांना त्या दोन वाक्यांमधल्या जागेत बसायला आवडायचं.

शिवणकाम त्या माहेरी शिकल्या नव्हत्या. अमेरिकेत आल्यावर, नोकरी लागल्यावर शिकल्या. कारण त्या सांगत असत. प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाला खिसे होते. कोट काढून खुंटीला टांगला की आतल्या कपड्यांना एकही नव्हता. “संध्याकाळी कोट काढला की चाव्या हातात धरून उभी. पुरुष निघाले की हात मोकळे, खिशात हात, शीळ घालत निघाले. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही.” तेव्हापासून त्या स्वतःचे स्कर्ट स्वतः शिवत. घोट्यापर्यंत लांब, जाडसर सुती कापड, कमरेला चुण्या, दोन्ही बाजूंना खिसे. हिवाळ्यात आत लोकरीचे पायमोजे आणि वर बूट. भारतीय किराणा दुकानात, बँकेत, स्मशानभूमीत, सगळीकडे त्याच वेषात. त्यांच्या गल्लीतली गोरी माणसं त्यांना नावापेक्षा स्कर्टवरून ओळखत.

निवृत्तीनंतर शनिवारी सकाळी त्या गावच्या वाचनालयातल्या शिवणखोलीत मराठी बायकांना शिकवायच्या. वर्ग असं त्याला कुणी म्हणत नसे. ‘इंदूकाकूंकडे’ असंच म्हणायचे. खोली मोठी, उत्तरेकडे काचेची भिंत, टेबलांवर यंत्रं. खाली मुलांच्या विभागातून गोष्टी वाचून दाखवणाऱ्या बाईंचा आवाज अस्पष्ट वर येत राहायचा. बर्फ पडत असेल तेव्हा यंत्रांची घरघर आणि तो आवाज एकमेकांत मिसळायचे आणि कोण काय बोलतंय याचं भान जायचं.

खिसा हा त्यांचा मुख्य विषय होता. बाकी सगळं, म्हणजे चुण्या, कमरपट्टी, घेर, पुस्तकात बघा म्हणायच्या. खिसा मात्र त्या हाताने शिकवत. टेप वापरत नसत. शिकणारीचा हात कागदावर ठेवायला लावून पेन्सिलने भोवती रेघ मारत, मग ती रेघ बाहेरच्या बाजूला थोडी वाढवत. “आत गेल्यावर मूठ वळली पाहिजे. नुसती बोटं मावली म्हणजे खिसा नाही झाला, तो कप्पा झाला.”

शिवलेला कपडा तपासायला घेतला की त्या आधी तो उलटा करत. सुलट बाजू बघतच नसत. आतल्या कडा त्यांना उघड्या चालत नव्हत्या. यंत्राने वरून दोरा गुंफून ओव्हरलॉक केलेल्याही चालत नव्हत्या. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून आधी बाहेरून बारीक टीप, मग कडा कातरून कापड उलटवायचं, इस्त्री करायची आणि दुसरी टीप. म्हणजे कच्ची कड दोन टिपांच्या मध्ये बंद होते. फ्रेंच शिवण म्हणतात तिला. इंदूताई म्हणायच्या, कड झोपवायची.

पुण्याहून आलेली, आयटीत काम करणारी रश्मी सगळ्यांत जास्त उसवणारी होती आणि सगळ्यांत जास्त बोलणारीही.

“काकू, आत कोण बघणारे यार? बाहेरून मस्त दिसतंय.”

“हात बघतो.”

“हाताला डोळे असतात का?”

“तुझ्या नसतील,” इंदूताई म्हणाल्या. “उसव.”

रश्मीने उसवलं. ती रोज पन्नास मिनिटं ड्राइव्ह करून ऑफिसला जायची, तिथे दिवसभर लोकांच्या चुका शोधायची, आणि शनिवारी इथे येऊन स्वतःच्या शोधून घ्यायची. असं ती स्वतःच सांगायची.

मार्चनंतर यशवंतराव वर्गाला येऊ लागले. घरी एकटं ठेवता येत नव्हतं. काचेच्या भिंतीशी खुर्ची टाकून ते बसत आणि खालच्या पार्किंगकडे बघत. रेल्वेच्या पुलांची तपासणी करणारे अभियंते होते ते. हयात पुलांखाली गेली. नावं विसरली होती, महिने विसरले होते, पण वजन कुठून कुठे जातं हे विसरले नव्हते. एकदा रश्मीने खिशाचं तोंड शिवून कौतुकाने त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोन्ही कोपऱ्यांना अंगठ्याने ताण दिला आणि इंग्रजीत म्हणाले, इथे फाटेल. इंदूताई यंत्रावरून न उठता म्हणाल्या, “ऐकलं? कोपऱ्याला दुहेरी टीप मार.”

“काका, मला ओळखलंत का?” रश्मीने विचारलं.

यशवंतरावांनी तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं. “शिकागो ऑफिस,” ते म्हणाले.

“करेक्ट,” रश्मी म्हणाली.

मोठ्या खिशाचं कारण इंदूताईंनी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं की सांगत. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक नवऱ्यांप्रमाणे यशवंतरावांनीही रस्त्यात बायकोचा हात कधी धरला नव्हता. लग्नानंतर नाही, शिकागोत पहिल्या हिवाळ्यात बर्फावर पाय घसरत होते तेव्हाही नाही. ‘लोक बघतात’ म्हणायचे. आजारात बाकी पुष्कळ गळून गेलं, हे राहिलं. डॉक्टर म्हणाले, फिरताना हात धरा. इंदूताईंनी हात धरला की ते झटकत. दोनदा जोराने झटकला. मग एका हिवाळ्यात किराणा दुकानाच्या रांगेत त्यांनी स्वतःचाच खिसा समजून इंदूताईंच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. तो सगळा हिवाळा तसा गेला. कोणाला काही दिसत नव्हतं. दोन माणसं जवळजवळ चालत होती, एवढंच. मार्चमध्ये ऊन पडलं, इंदूताई कोट न घालता बाहेर पडल्या, पत्रपेटीपाशी एका शेजारणीशी बोलायला थांबल्या, आणि यशवंतरावांच्या हाताला जागा उरली नाही.

म्हणून तो स्कर्ट. पहिला जमला नव्हता. खिसा मोठा होता, पण घाईत शिवलेला. आतल्या कडा नुसत्या ओव्हरलॉक केलेल्या. यशवंतरावांनी हात आत घातला, बोटांनी कड चाचपली, हात बाहेर काढला आणि विचारलं, “कुणाचा आहे हा?”

इंदूताईंनी मग त्यांची एक जुनी पँट उसवली. तिच्या डाव्या खिशाचा नमुना कागदावर काढला आणि तो स्वतःच्या उजव्या बाजूला बसवला, कारण ते नेहमी त्यांच्या उजवीकडून चालत आणि डावा हात तिकडे यायचा. तोंडाचा तिरकेपणा तोच, खोली तीच. खिशाच्या पिशवीला कापड त्यांच्याच ऑफिसच्या शर्टांचं. पुलांवर जाताना ते बिस्किटी रंगाचे शर्ट घालत. मळ दिसत नाही म्हणून एकाच रंगाचे बरेच घेऊन ठेवलेले होते. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड, कडा झोपवलेल्या, पिशवी वर कमरपट्टीत शिवून टाकलेली, म्हणजे हाताच्या वजनाने लोंबणार नाही. आतून एकही धागा बोटाला लागत नव्हता. दुसऱ्या वेळी यशवंतरावांनी हात घातला, मूठ वळली, आणि ते चालू लागले.

“हाताला वाटतं, स्वतःचाच आहे,” इंदूताई म्हणाल्या. “वाटू दे.”

त्या उन्हाळ्यात ते दोघं नदीकाठच्या विटांच्या वाटेवर रोज दिसायचे. लांबून पाहिलं तर एकच रुंद माणूस सावकाश येतोय असं वाटायचं. जवळ आल्यावर दोन माणसं व्हायची. झाडांची सावली पाण्यावर आणि पाण्याचा उजेड झाडांच्या खालच्या पानांवर, अशा त्या वेळेला यशवंतरावांचा हात खिशाच्या आत मंद हलत असायचा. पाण्याखाली मासा हलला की वर जेवढं कळतं, तेवढंच स्कर्टच्या कापडावर कळायचं. बदकं बाजूला व्हायची. सायकलवाले घंटी न वाजवता वळून जायचे.

नदीवर एक छोटा पादचारी पूल आहे. त्याच्यापाशी रोज तेच व्हायचं. यशवंतराव थांबत.

“याची तपासणी कधी झाली?”

“मागच्या महिन्यात,” इंदूताई म्हणत.

“कोणी केली?”

“तुम्हीच की.”

ते जरा विचार करत. “मग ठीक आहे,” म्हणत, आणि दोघं पूल ओलांडत.

पलीकडच्या बाकावर बसताना इंदूताईंना वेळ लागायचा. उजवा गुडघा झिजलेला होता. बदलायला हवा असं डॉक्टर आधीच्या वर्षापासून सांगत होते. त्या टाळत होत्या. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: मी हॉस्पिटलात पडले, तर हे कोणाबरोबर राहतील? दुसऱ्या कुणाजवळ हे थांबणारच नाहीत.

जुलैत आनंद आला तेव्हा त्याने खिसा पाहिला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने तो उलटा करून, आत हात घालून पाहिला. यशवंतराव शेजारच्या खोलीत दूरदर्शन संचासमोर बसले होते. संच बंद होता.

“आई, प्रॅक्टिकल हो ना जरा. हा खिसा आहे. सेफ्टी प्लॅन नाहीये.”

“खिसा आहे हे माहीत आहे मला. मीच शिवला.”

“तू शिंकलीस, तुझा पाय मुरगळला, की संपलं. यू नो दॅट.”

“तुझ्या कंपनीने गोळी काढली का रे यांच्यासाठी?”

“नाही. अजून नाही.”

“एवढे लोक सकाळी गाड्या काढून तिथे जाता, दिवसभर बसता. मग तोवर खिसा.”

आनंद हसला. पण अट मागे घेतली नाही. जाताना म्हणाला, “हरवले तर, आई.” इंदूताई म्हणाल्या, “हो. तर.”

ऑगस्टमध्ये वर्गात पांढरे स्कर्ट शिवायला घेतले. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो. शिकागोच्या आसपासची महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं जमतात, बायका पांढऱ्या साड्या नेसतात. या वेळी वर्गातल्या सहाजणींनी ठरवलं की साडीऐवजी हाताने शिवलेला पांढरा स्कर्ट आणि वर निळी ओढणी. नमुन्याचा कागद एकच होता, इंदूताईंचा, त्यामुळे सगळ्यांचाच उजवा खिसा मोठा कापला गेला. बदलावा असं कोणाला वाटलं नाही. रश्मीला तर तो फार आवडला. “फोन उभा राहतो काकू, अख्खा फोन!”

चूक वेगळीच झाली. पांढऱ्या स्कर्टला सगळ्यांनी आतून पांढरेच खिसे लावले. अंगावर घालून काचेच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्यावर उजेड आरपार आला आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना दोन लांब पांढरे आकार उमटले.

“सशाचे कान,” रश्मी म्हणाली.

इंदूताईंचेही तसेच दिसत होते. त्यांनी खाली पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं. “पांढऱ्याखाली पांढरं लपत नाही,” त्या म्हणाल्या. “मला सुचायला हवं होतं. अंगाच्या रंगाचं कापड लागेल. ज्याच्या त्याच्या.”

पुढच्या शनिवारी टेबलावर कापडांचे तुकडे पसरले आणि प्रत्येकीने हात पुढे केला. तुकडा मात्र कोणी उचलेना. मग जळगावच्या एका बाईने सायीच्या रंगाचा तुकडा उचलून मनगटावर ठेवला.

“अगं, खोटं नको,” इंदूताई म्हणाल्या.

“मी गव्हाळच आहे काकू. बायोडेटात लिहिलं होतं.”

“ते लग्नाचं होतं. हा खिसा आहे. इथे खरा रंग सांगायचा, नाहीतर कान दिसतील.”

खोलीभर हसू पसरलं आणि मग माप घेणं सोपं झालं. चॉकलेटी, चहासारखा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा. सगळ्या जणी आयुष्यात पहिल्यांदा आपला रंग बिनबोभाट, नुसता कापडाशी जुळवून पाहत होत्या. रश्मीच्या हाताशी टेबलावरचं काहीच जुळेना. इंदूताईंनी पिशवीतून यशवंतरावांच्या बिस्किटी शर्टाचा एक तुकडा काढून तिच्या मनगटावर ठेवलं. कापड कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो ते कळेना. त्यांनी स्वतःसाठीही तेच कापलं. त्यांचा रंगही तोच होता.

कार्यक्रम जवळच्या उपनगरातल्या एका शाळेच्या सभागृहात होता. वंदना झाली, भाषणं झाली, मुलांनी इंग्रजीत निबंध वाचले. खिडक्यांतून ऑक्टोबरचं पिवळं ऊन आत येत होतं आणि त्यात पांढरे कपडे घातलेली माणसं सावकाश फिरत होती. बोलणं उंच छताला लागून मऊ होऊन खाली येत होतं. आनंदही आला होता. यशवंतराव पांढऱ्या सदऱ्यात इंदूताईंच्या उजवीकडे, हात खिशात, समाधानाने उभे होते. मंचावरची मेणबत्ती लावायला ज्येष्ठ म्हणून इंदूताईंना बोलावलं. पायऱ्या चढताना गुडघ्यामुळे त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि यशवंतरावांचा हात बाहेर आला. आनंद त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होता, पण त्याची पाठ होती.

इंदूताई खाली आल्या तेव्हा यशवंतराव तिथे नव्हते.

आधी स्वच्छतागृह पाहिलं, मग चहाचं टेबल, मग वर्गखोल्यांचा लांब बोळ. आनंद पार्किंगकडे धावला. शाळेपासून रेल्वेचा रूळ फार लांब नव्हता, आणि हे इंदूताईंना माहीत होतं. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि वर्गातल्या एकेकीला फोन लावू लागल्या. रश्मीने उचलला नाही. पुन्हा लावला, तरीही नाही.

रश्मीने नंतर सांगितलं ते असं. ती दाराशी उभी होती. कोणीतरी तिच्या खिशात हात घातला. “मला वाटलं, फोन काढतंय कोणीतरी. मी ओरडणारच होते.” वळून पाहिलं तर काका. ते म्हणाले, “चला, उशीर होतोय.” हात काढला तर ते तसेच पुढे जातील, असं तिला वाटलं, म्हणून ती त्यांच्याबरोबर चालू लागली. दारातून बाहेर, इमारतीला वळसा घालून, मागच्या मैदानापर्यंत. फोन वाजत होता. पण तो त्याच खिशात होता, आणि यशवंतरावांच्या मुठीत होता. “वाजला की ते आणखी घट्ट धरायचे. मी काय करणार?”

दोघं मैदानाच्या कडेला प्रेक्षकांच्या लोखंडी पायऱ्यांवर बसलेली सापडली. यशवंतराव उजव्या हाताने पायरीचा गंज दाखवून काही समजावत होते. रश्मी मान डोलवत होती.

आनंद धापा टाकत पोचला. “बाबा!”

“काका हरवले नव्हते हां,” रश्मी घाईघाईने म्हणाली. “माझ्या खिशात होते.”

आनंद गवतावर बसला. त्याला हसू आलं आणि ते थांबवता येईना. मग थांबलं.

इंदूताई लंगडत, उशिरा पोचल्या. त्या यशवंतरावांसमोर उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखी उजवी बाजू त्यांच्याकडे केली. “चला,” त्या म्हणाल्या.

यशवंतरावांनी त्यांच्या स्कर्टकडे पाहिलं. मग वर, चेहऱ्याकडे पाहिलं.

“मी यांच्याबरोबर आहे,” त्यांनी सांगितलं. आवाज आदबशीर होता. ऑफिसात एखाद्या अनोळखी बाईला चुकीचं टेबल दाखवलं गेलं असेल, तर तिला सांगावं तसा.

गाडीपर्यंत रश्मीच त्यांना घेऊन गेली. इंदूताई मागून आल्या.

पुढच्या शनिवारी वर्गाला त्या एकट्या आल्या. आनंद अजून घरी थांबला होता. रश्मी तोंड उतरवून बसली होती.

“काकू, मी आनंदशी बोलले. तोपण म्हणाला, हे काउंट होत नाही. हरवले असं धरायचं नाही.”

“मला म्हणाला तो.”

“मग?”

इंदूताई यंत्रात दोरा ओवत होत्या. ओवून झाला तेव्हा बोलल्या. “मी डॉक्टरला सांगून राहिली होती, हे दुसऱ्या कोणाजवळ थांबणार नाहीत. आनंदला तेच सांगितलं. मला ते खरं वाटत होतं.” त्या थांबल्या. रश्मीकडे पाहिलं. “मला वाटायचं, हात मला ओळखतो. तो शिवण ओळखत होता. चांगली शिवण आहे, ओळखणारच.”

“काकू, असं नका ना—”

“अगं, रडते कशाला? तुझी शिवण पास झाली. एवढी तुझ्या आयुष्यात कोणी तपासली नसेल.” रश्मी रडता रडता हसली. इंदूताईंनी तिला टेबलावरचा रुमाल दिला. “आता सांगते ते ऐक. त्यांना कोणीही चालेल, तर कोणीतरी असं बघायचं, ज्याचे गुडघे धड आहेत आणि जे रात्रीही जागं असतं. मेमरी केअरची जागा मी आनंदला बघायला सांगितलं आहे. मी सांगितलं; त्याने नाही. हे लक्षात ठेव, कोणी विचारलं तर.”

मग त्यांनी बिस्किटी शर्टांचे उरलेले तुकडे टेबलावर काढले. त्यांना एप्रन शिवायचे होते. मेमरी केअरमधल्या मदतनीस बायकांच्या गणवेशाला खिसे असतात, पण उथळ आणि बुळबुळीत कापडाचे. त्या जाऊन पाहून आल्या होत्या. एप्रनला एकच खिसा, उजव्या बाजूला. त्या शनिवारी आणि त्यानंतरच्या शनिवारी सहाही जणींनी तेच शिवलं. खालून गोष्ट वाचणाऱ्या बाईंचा आवाज येत होता. इंदूताईंनी प्रत्येक खिसा उलटा करून, डोळे मिटून, आतून बोट फिरवून पाहिला. दोन उसवायला लावले. त्यातला एक त्यांचा स्वतःचा होता.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात यशवंतरावांना मेमरी केअरमध्ये नेण्यात आलं. त्यांच्याकडे बघायला ग्रेस नावाची मदतनीस होती, सावकाश बोलणारी, मोठ्या हाडाची. इंदूताईंनी तिला एप्रन दिला. तिने तो बांधला, खिशात हात घालून पाहिला आणि बोलणं संपेपर्यंत तो तिथेच ठेवला. मग तिने हात काढला आणि ती यशवंतरावांच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. दोघं बोळातून चालत गेली. आनंद दाराकडे तोंड करून उभा होता. इंदूताई ती दोघं वळेपर्यंत बघत होत्या. “शिवण धरते आहे का, ते मी पाहत होते,” असं त्यांनी गाडीत सांगितलं.

डिसेंबरात त्यांचा गुडघा बदलला. आनंद महिनाभर राहिला, वॉशिंग मशीनशी भांडला, आईच्या हाताखाली भाकरी थापायला शिकला आणि ती कधीच गोल झाली नाही. जानेवारीच्या शेवटी इंदूताईंची काठी सुटली. शनिवारचा वर्ग त्यांनी रश्मीला चालवायला दिला. येत्या वसंतात घर विकून त्या कॅरीला जाणार होत्या आणि यशवंतरावांसाठीही आनंदच्या घराजवळ जागा पाहिली होती. ग्रेसचा एप्रन बरोबर न्यायचा, की नवीन माणसांसाठी नवे शिवायचे, यावर त्यांचा निर्णय झालेला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्या मेमरी केअरमध्ये आल्या तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. बोळाच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत खिडकी आहे, आणि आतला उजेड बर्फाचाच होता. यशवंतराव आणि ग्रेस खिडकीकडून येत होते. त्यांचा डावा हात तिच्या खिशात होता. इंदूताईंना पाहून त्यांनी मान लववली, वाटेत भेटलेल्या माणसाला लववतात तशी. इंदूताईंनीही लववली. मग त्या त्यांच्या उजवीकडे आल्या आणि पाऊल जुळवून चालू लागल्या. नवा गुडघा बरा चालत होता.

तिघं दारापर्यंत आली, वळली आणि पुन्हा खिडकीकडे निघाली. यशवंतराव पुलाबद्दल काही विचारत होते. ग्रेसला ते कळत नव्हतं. इंदूताई उत्तर देत होत्या. त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या खिशांत होते.